दार लागत नाही

मीटिंगच्या खोलीचं दार तिने खांद्यानेच ढकललं, कारण एका हातात लॅपटॉप होता, दुसऱ्या हातात ठिबकणारी छत्री, आणि डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं. आत एक माणूस पाठमोरा उभा होता. उंच, किंचित वाकलेला. शर्टाची एक बाही कोपरापर्यंत दुमडलेली आणि दुसरी तशीच राहून गेलेली. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता, आणि हा गृहस्थ काचेवरचे ओघळ पाहत असा निवांत उभा होता, की जणू याला जगात दुसरं कामच नाही!

"तुम्हीच ना ते नवे सल्लागार?" छत्री कोपऱ्यात आपटत तिने विचारलं.

तो वळला. "मी—"

"बसा. साहेब यायच्या आत मला तुमच्याशी दोन शब्द बोलायचेत."

तो बसला. ती मात्र उभीच राहिली. दोन शब्दांचे दोनशे कधी झाले, ते तिलाही कळलं नाही.

"हे बघा, तुम्ही काय विकायला आलाय ते मला माहीत नाही, पण तुमच्या आधी जे आले होते त्यांनी आमचा सगळा कारभार क्लाउडवर न्यायला लावला. नेला. त्यांच्या आधीचे म्हणाले, ब्लॉकचेन. अहो, आम्ही दारं-खिडक्या बनवतो! दाराला ब्लॉकचेन कशाला? दाराला कडी पुरते. त्यांच्याही आधीचे म्हणाले, रोज सकाळची मीटिंग उभ्याने करायची, बसलं की विचार मंदावतात म्हणे. पंधरा दिवसांत निम्म्या ऑफिसची कंबर धरली. आणखी एक आले, ते भिंतभर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून गेले. पंखा लावला की आमचं वर्षाचं नियोजन खोलीभर उडायचं."

"मग?" तो अगदी मन लावून ऐकत होता.

"मग काय! दर वेळी नवा शब्द येतो, आम्ही जिवाचं रान करतो, आणि सहा महिन्यांनी तो शब्द कुणी तोंडातून काढत नाही. काम कशावर चालतं माहितीय? मी आठ वर्षांपूर्वी लिहिलेल्या साध्या प्रोग्रामवर. तो कुणाला दिसत नाही, कारण तो चालतो. मधूनमधून बंद पडला असता, तर एव्हाना त्याचा सत्कार झाला असता!"

तो हसला. मोठ्याने नाही... पण डोळ्यांपर्यंत पोचलेलं हसू होतं.

"हसताय काय?"

"माफ करा. पण मी सल्लागार नाही."

"मग कोण आहात?"

"विद्यापीठातून आलोय. संगणकाच्या क्षेत्रात ज्या फॅशनी येतात आणि जातात, त्यांच्यावर संशोधन करतो. नवा शब्द कुठून येतो, कंपन्या त्याच्या मागे का धावतात, आणि नंतर त्याचं काय होतं... तुमच्या साहेबांनी लोकांशी बोलायची परवानगी दिलीय." तो जरा थांबला. "मला वाटलं होतं, लोकांना बोलतं करण्यातच पहिला आठवडा जाईल."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "हे तुम्हाला आधी सांगता आलं नाही?"

"तुम्ही श्वास कधी घेताय, त्याची वाट पाहत होतो."

तिने छत्री उचलली, लॅपटॉप उचलला आणि बाहेर पडली. जिन्यात आल्यावर तिच्या लक्षात आलं, की खोली तिनेच आरक्षित केली होती. बाहेर त्याने पडायला हवं होतं.

ऑफिसात तिला सगळे नकारघंटा म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं. ती नाही म्हणायची हे खरं, पण तिने नाही म्हटलेल्या गोष्टी पुढे तशाच आपटल्या हेही खरं, आणि ते मात्र कुणी लक्षात ठेवत नसे. मोठे साहेब माणूस वाईट नव्हता. करवत हातात धरून सुरुवात केलेली, पत्र्याच्या शेडमधून एवढा कारखाना उभा केलेला. पण कुठल्या परिषदेला गेले, की लहान मूल जत्रेतून भिरभिरं घेऊन येतं तसे एक नवा शब्द घेऊन यायचे. साहेब परिषदेला निघाले, की तिचा अख्खा विभाग देव पाण्यात घालून बसायचा.

या खेपेला शब्द होता एआय. आणि हा शब्द आधीच्या शब्दांसारखा नुसता भिंतीवर चिकटणारा नव्हता. तो वर्तमानपत्रात होता, बँकेत होता, केस कापायच्या दुकानाच्या पाटीवर होता. तिच्या आईच्या फोनमध्येसुद्धा होता.

"ह्या ऍपवर बघ," आई जेवताना फोन पुढे सरकवायची. "एआयने शोधून काढलाय. ब्याण्णव टक्के जुळतोय तुझ्याशी!"

"आई, त्याने आवड म्हणून 'हसणे' लिहिलंय."

"मग? वाईट आहे का हसणं?"

"आणि उरलेले आठ टक्के कुठले गं? तेच नेमके नवऱ्याचे असले तर?"

"तुझ्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही," असं म्हणून आई ताट उचलायची. बाबा मान खाली घालून जेवत राहायचे. या घरात कुठे बोलायचं आणि कुठे नाही, हे त्यांना फार वर्षांपूर्वी उमगलं होतं.

संशोधक मात्र कारखान्यात चांगलाच रुळला. लाकूडकामाच्या शेडमध्ये जाऊन बसायचा, हिशेबवाल्यांशी बोलायचा, तळमजल्यावर फोन घेणाऱ्या अकरा जणींच्यात तर घरचाच झाला. तिथल्या प्रमुख मावशी. मावशींनी पहिल्याच दिवशी त्याला विचारलं होतं, "लग्न झालंय का?" आणि 'नाही' ऐकल्यावर का कोण जाणे, छताकडे, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या विभागाकडे पाहिलं होतं.

सगळ्यांना विचारून झाल्यावरही तिच्यासाठी त्याच्याकडे रोज एक प्रश्न उरायचाच.

"एक शेवटचा प्रश्न," तो तिला कॉफीच्या मशीनपाशी गाठायचा.

"काल शेवटचा झाला ना?"

"तो कालचा शेवटचा."

हे कॉफीचं मशीनसुद्धा साहेबांच्या एका परिषदेचंच अपत्य. आधी फोनवर ऍप उघडायचं, मग चेहरा दाखवायचा, मग 'आजचा मूड' निवडायचा, आणि एवढं झाल्यावर ते म्हणायचं, कृपया पुन्हा प्रयत्न करा. संशोधक बिचारा वाकून वाकून चेहरा दाखवत असे.

"बाजूला व्हा." तिने मशीनच्या डाव्या कुशीवर एक चापट मारली. कॉफी आली.

"हे कुठे लिहून ठेवलंय का?"

"असल्या गोष्टी लिहून ठेवायच्या नसतात. नाहीतर चापटीचंही ऍप निघेल."

तो हसला, आणि कप तिच्या हाती देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. जराशीच... कॉफी गरम होती म्हणून असेल, पण तिने कप खाली ठेवला आणि पुढचा सबंध तास एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

एका दुपारी तो म्हणाला, "तो पाण्याचा कक्ष मला कुणी दाखवेल का?"

कारखान्याच्या मागच्या बाजूला एक खोली होती. तयार खिडकी भिंतीत बसवायची, आणि पलीकडून नळ्यांच्या जाळीतून तिच्यावर पाण्याचा मारा करायचा. थेंबभर जरी आत आलं, तरी खिडकी परत. दाखवायला खरं तर तिथला कामगार होता. तरीही तीच गेली.

कोरड्या बाजूला ते दोघं उभे राहिले. तिने खटका दाबला. काचेपलीकडे एकदम धो धो पाऊस सुरू झाला. इतका जवळ, की हात पुढे केला तर भिजेल असं वाटावं, आणि तरी अंगावर एक शिंतोडा नाही. बाहेर त्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं.

"तुम्ही हे मला कधीच दाखवणार नव्हतात?" आवाजामुळे त्याला तिच्या कानाशी वाकून बोलावं लागलं.

"तुमच्या प्रश्नांत खिडक्या कधी आल्याच नाहीत!"

 मग तिनेच विचारलं, "तुम्ही एवढ्या फॅशनी मोजता. त्या येतात कशा ते कळलं. पण जातात कुठे?"

"बऱ्याच नुसत्या विरतात. आधी शोधनिबंध निघतात, मग परिषदा, मग सल्लागार, मग पुस्तकं... आणि एक दिवस सगळे दुसरीकडे वळतात. पण एखादी जात नाही. ती फक्त बोलण्यातून जाते. ईमेलवर आता कोण परिषद भरवतं? पण आहेच ना तो. ज्याच्याविषयी लोक बोलायचं थांबतात, पण जे सोडत नाहीत... ते खरं."

काचेवरून पाणी पडद्यासारखं उतरत होतं. तो तिच्याकडे पाहत होता, खिडकीकडे नाही. तिला ते न बघताही कळलं. एवढ्यात तिच्या पायाला काहीतरी गार लागलं.

"गळतेय!" ती ओरडली. "खालच्या चौकटीतून! बंद करा, बंद करा!"

त्याने भलताच खटका दाबला आणि मारा दुप्पट झाला. दोघं घोट्यापर्यंत भिजले. कामगार धावत आला, तेव्हा ती संशोधकाला रागावत होती आणि रागावता रागावता हसू दाबत होती. त्या खिडकीचं पुढे काय झालं, ते दोघांनाही आठवत नाही.

साहेबांनी सगळ्यांना खालच्या मोठ्या दालनात बोलावलं, तो दिवस मात्र तिला नीट आठवतो.

"आपण आता बोलका सहाय्यक आणतोय!" साहेबांचे डोळे चमकत होते. "गिऱ्हाईकाचा फोन थेट यंत्र घेणार. ऑर्डर घेणार, तक्रार घेणार. न थकता, न चिडता! फोनवरच्या भगिनींना आपण... इतरत्र सामावून घ्यायचा विचार करू."

मागे उभ्या असलेल्या अकरा जणी एकमेकींकडे बघत राहिल्या. 'विचार करू' म्हणजे काय, ते प्रत्येकीला कळलं होतं. मावशींनी पदर खांद्यावरून पुढे घेतला. मावशी गप्प बसलेल्या तिने पहिल्यांदाच पाहिल्या.

"साहेब, हे मी माझ्या प्रोग्रामला जोडून द्यायचं?" तिने विचारलं.

"अर्थात! महिनाअखेर मोठा समारंभ करतोय. बडी बडी गिऱ्हाइकं येणार. आणि आपले संशोधकसाहेब स्वतः भाषण करणार आहेत, आपली कंपनी कशी आघाडीवर आहे त्यावर!"

तिने वळून पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता. त्याने मान खाली घातली.

जिन्यात तिने त्याला गाठलं. पहिल्यांदाच तिच्याकडे प्रश्न होता आणि तो टाळायला बघत होता.

"तुम्ही बोलणार आहात?"

"हो."

"काय बोलणार?"

"हेच... की कंपनी नवं स्वीकारायला कचरत नाही." तो कठड्यावर नख घासत होता. "माझी नेमणूक या वर्षी संपतेय. विभागप्रमुख म्हणाले, फॅशनींवरचं संशोधन आता फॅशनमध्ये नाही. निधी फक्त एआयला आहे. एआयने एखाद्या कंपनीचं कसं भलं झालं, असं एक तरी उदाहरण दे, तर मुदत वाढवू. साहेब त्यासाठी सगळी माहिती द्यायला तयार आहेत."

"खाली अकरा जणी आहेत."

"मी बोललो नाही तरी ते होणारच आहे."

"हे वाक्य आजवर आलेल्या प्रत्येक सल्लागाराने मला ऐकवलंय." तिचा आवाज चढला नाही, आणि तेच जास्त लागलं. "त्यांचा मला कधी राग आला नाही. त्यांच्याकडून अपेक्षाच नव्हती काही."

"आणि माझ्याकडून... होती?"

"होती," ती म्हणाली. "भूतकाळ."

आणि तरातरा वर निघून गेली. पुढचे तीन आठवडे कॉफीच्या मशीनपाशी त्याला चेहरा दाखवत ताटकळताना ती लांबून बघायची. जाऊन एक चापट मारावी, असं रोज वाटायचं. मशीनला की त्याला, ते मात्र ठरत नव्हतं.

काम तिने केलं. चिडून केलं, पण चोख केलं. यंत्र विकणाऱ्या कंपनीची तरुण मंडळी चकचकीत बूट घालून आली आणि सहाय्यकाचा गोड आवाज ऐकवून गेली. चाचणी घ्यायची म्हणून तिने स्वतःच फोन लावला.

"दार लागत नाही," ती म्हणाली. दिवसभरात निम्म्या तक्रारी याच असतात.

"ठीक आहे," यंत्र मधाळ आवाजात म्हणालं. "आपल्याला दार लागत नाही, अशी नोंद केली आहे. ऑर्डर रद्द करत आहे."

तिने फोन कानापासून दूर धरून बघितला. मग पुन्हा लावला. पुन्हा तेच. ती तडक साहेबांकडे गेली.

"साहेब, याला 'दार लागत नाही' कळत नाही. 'नको' असं समजतंय!"

"अगं, शिकेल हळूहळू! ते म्हणालेत, शिकत जातं ते." साहेबांनी हात झटकला. "तू ना, प्रत्येक गोष्टीत खुसपट काढतेस."

मावशींना तिने हे सांगितलं, तेव्हा इतक्या दिवसांनी त्या पोटभर हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "हसले म्हणून काय झालं... पोरीची फी भरायचीय मला." ते ऐकल्यावर ती वर आली आणि तिने आपल्या प्रोग्राममध्ये एक छोटीशी पाचर मारून ठेवली. यंत्र काहीही म्हणो, माणसाने होकार दिल्याशिवाय काही रद्द होणार नाही.

समारंभाच्या दिवशी दालन फुलांनी आणि खुर्च्यांनी भरून गेलं होतं. पडदा, भोंगे, पहिल्या रांगेत सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, म्हणजे एक जाडजूड बिल्डर. साहेबांनी त्यालाच मंचावर बोलावलं. "करा फोन! खरी तक्रार असेल तर तीच सांगा!"

बिल्डरची खरी तक्रार होतीच. "हां, हॅलो. तुमच्याकडून चाळीस दारं घेतली होती. चौथ्या मजल्यावरची लागत नाहीत."

"कळलं," भोंग्यांतून गोड आवाज घुमला. "चौथ्या मजल्यावर दारं लागत नाहीत. रद्द करत आहे. खिडक्या लागतात का?"

"अरे, लागत नाहीत म्हणजे लागत नाहीत! बंद होत नाहीत!"

"बंद करायचं आहे. आपलं खातं बंद करत आहे. आपल्याशी व्यवहार करून आनंद झाला."

 मग मागच्या रांगेत कुणाला तरी फिसकन हसू फुटलं, आणि सगळं दालन फुटलं. बिल्डर लालबुंद झाला. साहेब पांढरे पडले. चकचकीत बूटवाले एकमेकांच्या बुटांकडे बघत होते.

ती कोपऱ्यातल्या संगणकापाशी बसली होती. उठून उभी राहिली. "काही रद्द झालेलं नाही!" तिने मोठ्याने सांगितलं. "माणसाने विचारल्याशिवाय काही रद्द होत नाही, तशी सोय केलीय. तुमची तक्रार आमच्या फोन विभागाकडे गेलीय."

"पोचली!" मावशी मागून ओरडल्या. "उद्या सकाळी माणूस येतो, काळजी करू नका!"

बिल्डर निवळला. पण साहेब अजून मंचावर तसेच उभे होते, हातातला ध्वनिक्षेपक खाली आलेला. तिला एकदम त्यांची कीव आली. पत्र्याच्या शेडमधून इथवर आलेला माणूस, आपल्याच दालनात पोरका झाला होता.

तेवढ्यात संशोधक मंचावर चढला. हातात भाषणाचे कागद होते. त्याने ते एकदा बघितले, घडी केली आणि खिशात घातले.

"माझं भाषणही आता लागत नाही," तो म्हणाला. "'नको' याच अर्थाने."

पुन्हा हशा पिकला, पण या खेपेला मोकळा.

"मी बऱ्याच कंपन्या बघितल्या," तो म्हणाला. "नवं यंत्र आलं म्हणून कुणी बुडालं नाही, आणि कुणी तरलंही नाही. ज्यांनी जाणती माणसं ठेवली आणि यंत्राला आधी लहानसं काम दिलं, त्यांचं निभावलं. ऑफिस बंद असताना आलेला फोन या यंत्राने नुसता लिहून घ्यावा. सकाळी माणसाने तो वाचावा. साहेबांकडे यंत्र आहे आणि माणसंही आहेत. दोन्ही असलेली कंपनी मी क्वचितच बघितलीय." त्याने साहेबांकडे पाहिलं. "एवढंच."

साहेबांनी एकवार पहिल्या रांगेकडे पाहिलं. मग त्यांनी ध्वनिक्षेपक तोंडाशी नेला. "हेच! मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो!"

ती कपाळावर हात मारून खाली बसली. आठवडाभरात भिंतीवर नवा फलक लागला, 'माणूस आणि यंत्र, हातात हात'. वैताग होता खराच. पण फलकाखालून फोनवाल्या अकराच्या अकरा जणी रोज कामावर येत होत्या, आणि अकराव्या म्हणजे मावशी त्या फलकाला जाताजाता नमस्कारही करत होत्या.

त्याला मात्र विद्यापीठाने मुदतवाढ दिली नाही. यशाचं उदाहरण मागितलं होतं, त्याने हशाचं दिलं. हे तिला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. एका दुपारी तो स्वतःच आला, पाहुण्यांचं ओळखपत्र परत करायला. दोन्ही बाह्या नीट खाली केलेल्या होत्या. तिला ते मुळीच बरं वाटलं नाही.

"एका लहान कॉलेजात शिकवायला मिळालंय. लांब आहे. चार तास बसने."

"अच्छा."

"आजच निघतोय."

"अच्छा." तिला वाटलं, आता बोलेल. आता तरी—

"तुमच्या... तुमच्या सहकार्याबद्दल आभार," तो म्हणाला, ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि गेला.

सहकार्य! तिने कळफलकावर असा काही हात आपटला, की शेजारच्याने पाण्याचा पेला उचलून घेतला. सहकार्य! एवढे दिवस शेवटचे प्रश्न विचारले, घोट्यापर्यंत भिजवलं, भर सभेत स्वतःच्या नोकरीवर पाणी सोडलं, आणि शेवटी काय, तर सहकार्य!

मावशी काही कामाशिवाय तिसऱ्या मजल्यावर आल्या. खिडकीशी उभं राहून म्हणाल्या, "लांबची बस साडेपाचला सुटते. मी आपलं सांगितलं. मी कुणाच्या मध्ये पडत नाही."

बसस्थानकावर ती धापा टाकत पोचली, तेव्हा बस घरघरत उभी होती. बारीक पाऊस लागला होता. तो मागून तिसऱ्या खिडकीत बसला होता, मांडीवर पिशवी, तोंड बाहेर. तिला बघितलं आणि दचकून उभा राहिला, तर डोकं वरच्या फळीवर आपटलं. ती आत चढली.

"सहकार्याबद्दल आभार?"

"मी... मी दुसरं बोलणार होतो."

"मग बोला!"

सगळी बस वळून बघू लागली. एका आजीबाईंनी तर कानावरचा रुमाल बाजूला केला.

"तुम्ही जिन्यात 'भूतकाळ' म्हणालात ना," तो डोकं चोळत म्हणाला. "मग वाटलं, आता कुठल्या तोंडाने... आणि दुसरं म्हणजे, माझा विषयच हा. लाट येते, चढते, उतरते. मला वाटलं, माझं पण तसंच असेल. म्हणून मी स्वतःवर नजर ठेवून होतो. पहिल्या दिवशी तुम्ही छत्री आपटलीत, तेव्हापासून. वाटलं, महिन्याभरात उतरेल." तो थांबला. "उतरत नाहीये. तुम्ही बोलत नव्हतात तेव्हा तर... आणखीच चढली."

"आणि किती दिवस नजर ठेवणार होतात?"

"साधारण... पाच वर्षं लागतात, खात्री व्हायला."

"पाच वर्षं!" ती किंचाळली. "माणूस आहात की परिषद? पाच वर्षांत माझी आई मला दहादा उजवून मोकळी होईल! एवढं भर सभेत धीट बोललात, आणि माझ्यापुढे पाच वर्षं? आणि 'तुम्ही' काय, 'तुम्ही'? आता मला अहोजाहो करू नकोस!"

"बरं," तो म्हणाला. मग अगदी हळू, "तू... बस ना."

ती बसली. तेवढ्यात बसला हिसका बसला आणि बाहेरचे खांब मागे सरकू लागले.

"बाई," कंडक्टर जवळ येऊन उभा राहिला, "भांडण झालं असेल तर पुढच्या थांब्यावर सोडतो. नाहीतर तिकीट फाडू?"

तिच्याकडे पिशवी नव्हती, छत्री नव्हती, उद्याचे कपडे नव्हते. रात्रीची परतीची बस असेल की नाही, हेही ठाऊक नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याची एक बाही घाईत कोपरापर्यंत सरकली होती आणि दुसरी तशीच होती.

"फाडा," ती म्हणाली.

मागच्या आजीबाईंनी समाधानाने रुमाल पुन्हा बांधला. काचेवर पाणी तिरकं पळत होतं. त्याने आपला हात दोघांच्या मध्ये सीटवर ठेवला, विचारत असल्यासारखा... तिने त्यावर आपला ठेवला, आणि त्याच क्षणी तिचा फोन वाजला.

"कुठे आहेस गं?" पलीकडून आई. "कसली घरघर ऐकू येतेय?"

"आई, मला यायला उशीर होईल. बसमध्ये आहे."

"बसमध्ये? या वेळी? कुणाबरोबर?"

तिने हात सोडवायचा प्रयत्न केला. त्याने सोडला नाही. खरं तर तिनेही फारसा केला नाही. एवढं सगळं झाल्यावर आता आईला गोलगोल काही सांगत बसायचं तिच्या अगदी जिवावर आलं.

"तुझ्या जावयाबरोबर," ती म्हणाली.

शेजारी संशोधकाला जोराचा ठसका लागला. फोनवर एक भांडं खाली पडल्याचा आवाज आला, बाबांचं "काय झालं, काय झालं?" आलं, आणि मग आईचा आवाज, बारीक, घाईघाईचा—

"थांब, थांब. आधी मला बसू दे. मग पहिल्यापासून सांग."